कुंदा, माझं सोडियम कोण बघणार

कुंदा,

लोक अजून तुझ्याच टेबलाकडे वळतात. दवाखान्यात शिरलं की उजवीकडे तू आणि डावीकडे मी, ही सवय किती वर्षांची. आपल्या मुर्री गावच्या बायका आत येतात, उजवीकडे बघतात, थबकतात आणि मग माझ्याकडे येतात. परवा एक म्हातारी सरळ तुझ्यासमोरच्या स्टुलावर जाऊन बसली. बाही वर केली, हात टेबलावर ठेवला, प्रेशर मोजायच्या तयारीत. मी म्हटलं, "मावशी, इकडे या." ती म्हणाली, "राहू द्या, मी थांबतो. आमची बाई येतच असंल." तिच्या गावापर्यंत बातमी पोचलीच नव्हती. मी उठून तिच्याजवळ गेले आणि सांगितलं. तिनं बाही खाली ओढली आणि उठली. मी मागून हाक मारेपर्यंत ती ऑटोत बसली होती.

पेपरात तुझ्यावर चार ओळी आल्या. शिक्षण कुठं झालं, रुग्णसेवा कशी केली, मागे पती आणि मुलगी आहेत. सगळं खरं आहे. त्यात मी नाही, आणि असायचं कारणही नाही. नवऱ्याची बायको जाते, मुलीची आई जाते, त्याला नाव आहे. पस्तिशी उलटल्यापासून म्हातारपणापर्यंत जिच्याशी रोज भांडले ती गेली, तर माझं काय गेलं, याला पेपरात शब्द नसतो.

मी इथली नव्हे. नागपूरच्या मेडिकल कॉलेजात तू भेटलीस. मी नाशिककडची, पुस्तकी बोलणारी. वसतिगृहात तुझं "काऊन वो, जेवली नाई काय?" ऐकून मी आधी घाबरले होते, मला वाटलं रागावलीस. पुढे दोघींनी वेगवेगळ्या गावांत नोकऱ्या केल्या, मग एक दिवस तू फोन केलास. "एकटीच तं राहतेस. इकडं येऊन राहा. दोघी मिळून दवाखाना टाकू. नाई जमलं तं गाडी हायेच परतीची, गोंदियाले कोनती गाडी थांबत नाई?" मी आले. परतीची गाडी घ्यायचं राहून गेलं. तू शेजारच्या गल्लीत, तुझ्या भरल्या घरात. मी दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत.

आणि भांडण? ते बहुतेक वेळा एका गोळीवरून.

तिचं नाव क्लोरथॅलिडोन. नाव एवढं मोठं आणि गोळी मसुरीच्या दाण्यापेक्षा जराशीच मोठी. लघवीवाटे मीठ आणि पाणी थोडं थोडं बाहेर काढते, रक्तवाहिन्यांवरचा ताण हलका करते, आणि एकदा घेतली की दुसऱ्या दिवसापर्यंत काम करत राहते. आपल्याकडे सगळे तिला पिशाबची गोळी म्हणतात. जुनी, स्वस्त, चांगली गोळी. पण काही जणांच्या अंगात ती मीठ बाहेर काढताना थांबतच नाही. रक्तातलं सोडियम उतरतं, पोटॅशियम उतरतं. पिंढऱ्यांत गोळे येतात, माणूस गळून जातो, आणि सोडियम फार खाली गेलं तर डोकं काम करेनासं होतं. हे आपण दोघीही एकाच पुस्तकातून शिकलो होतो. पण तुला ते तुझ्या घरात शिकावं लागलं.

तुझ्या सासूबाईंची गोष्ट मी दवाखान्यात शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना कितीदा तरी सांगितली असेल, तू मात्र कधी कोणाला सांगितली नाहीस. सगळं गाव त्यांना माय म्हणायचं. माय पलंगावर बसून दिवसभर तुला बोलायची. भात मऊ झाला, डाळ पातळ झाली, सून दवाखान्यात जाऊन बसते आणि घर उघडं टाकते. तू ऐकून घ्यायचीस आणि दवाखान्यात येऊन तिची नक्कल करायचीस. त्या उन्हाळ्यात मायचं प्रेशर चढलेलं होतं म्हणून तू ही गोळी सुरू केलीस, मोठी, पंचवीस मिलिग्रॅमची. नेमकं त्यानंतर ऊन वाढलं. मायचं जेवण कमी झालं, नुसती पेज आणि दिवसभर माठातलं पाणी, कारण येणारा-जाणारा सांगे, पानी पीत राहा माय. त्यातच तिला दोन दिवस हगवण लागली. गुडघ्यांसाठी ती दुकानातून परस्पर आणवलेल्या दुखण्याच्या गोळ्या खात होती, हे तर कोणाला ठाऊकच नव्हतं. मीठ पोटात जाईना, पाणी मात्र भरपूर, आणि त्या गोळ्याही सोडियम उतरवायला हातभार लावतात.

एक दिवस तू आलीस ती पर्स खांद्यावरून न उतरवताच माझ्यासमोर बसलीस. "विजे, माय माझी तारीफ करून राह्यली."

मी हसले. तू हसली नाहीस.

"सकाळी म्हने, पोरी, तुझ्या हातची डाळ मले लय आवडते. इतक्या वर्षांत नाई म्हटलं तिनं. घरचे म्हनतात, वय झालं, मऊ पडली. मले नाई वाटत. काहीतरी बिघडलं हाय."

त्याच दुपारी तू तिला गोंदियाला नेऊन रक्त तपासायला दिलंस. संध्याकाळपर्यंत माय तुला तिच्या वारलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारू लागली होती, विकलेले बैल आत बांधा म्हणत होती. सोडियम इतकं खाली होतं की प्रयोगशाळेतल्या माणसानं आकडा खरा का म्हणून पुन्हा तपासला. गोंदियाच्या इस्पितळात भरती केलं, गोळी बंद झाली. सोडियम घाईनं वाढवलं तर मेंदूला इजा होते, म्हणून थेंबाथेंबानं, दिवस काढत वर आणलं. तू तिच्या उशाशी बसून होतीस. चौथ्या-पाचव्या दिवशी माय डोळे उघडून नीट बघायला लागली. तू डब्यातला भात भरवायला घेतलास तर म्हणाली, "हा भात हाय का चिखल?"

तू चमचा खाली ठेवून बाहेर पॅसेजमध्ये आलीस आणि भिंतीला टेकून रडलीस. मी तुझा हात धरला. तू म्हणालीस, "मी सून म्हनून ओळखलं, विजे. डॉक्टर म्हनून नाई ओळखलं. डॉक्टर म्हनून तं मीच गोळी देल्ली."

त्यानंतर तू बदललीस. ती गोळी लिहायची तर आधी रक्त तपासायचं: सोडियम, पोटॅशियम, किडनी, साखर, युरिक ॲसिड. मग सुरुवात छोट्या, साडेबाराच्या गोळीनं. दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा रक्त. मोठी गोळी म्हाताऱ्यांना नाहीच. आणि पेशंटला समोर बसवून तुझं ते भाषण, तेच शब्द, तोच सूर: "सकाळीच घेजो. रातच्याले घेशील तं रातभर उठत बसशील. उलटी लागली, हगवन लागली, जेवन सुटलं, तं गोळी बंद करजो आन् मले फोन करजो. जेवन सुरू झालं का मंग गोळी सुरू. गुडघ्याची गोळी दुकानातून आपल्या मनानं आनू नको. पायाचा अंगठा सुजला, पिंढरीत गोळे आले, डोकं गरगरलं, तं सांगजो. लाजू नको." आणि शेवटी, पेशंट म्हातारा असेल तर, बरोबर आलेल्याकडे वळून: "हा येडंवाकडं बोलाय लागला तं वय झालं म्हनून बसू नका. माझ्याकडं आना."

यात चुकीचं काय होतं? काहीच नाही. भांडण पुढच्या गोष्टीवरून होतं. रक्ताचा रिपोर्ट हातात नसेल तर तू गोळी लिहीतच नसायचीस, प्रेशर कितीही असो. आणि मी म्हणायचे, कुंदा, आलेला माणूस परत येईलच असं नाही. रक्त द्यायला पाठव, पण छोटी गोळी आजच दे, रिपोर्ट आल्यावर बघ. न दिलेल्या गोळीनं माणूस मरत नाही का? तू म्हणायचीस, "मरतो. पन माझ्या हातानं नाई." मी म्हणायचे, "हे तुझ्या मनाचं समाधान झालं, त्याच्या प्रेशरचं नाही." तू फाईल आपटायचीस. चहा यायचा, आपण पुढचा पेशंट बघायचो.

चैतराम आला तेव्हा मात्र ते चहावर मिटलं नाही.

चैतराम नागझिऱ्याच्या जंगलात गाईड. उजाडायच्या आत जिप्सीत बसायचा, पर्यटकांना रानगवे आणि वाघ दाखवायचा. पन्नाशीचा, काटक, हसतमुख. दोन औषधं चालू असूनही प्रेशर खाली येत नव्हतं. तिसरी हीच गोळी हवी होती, हे तुला आणि मला दोघींना दिसत होतं. तू म्हणालीस, रक्त तपासून ये. तेव्हा आपल्याकडे रक्त काढायची सोय नव्हती, गोंदियात जावं लागायचं. तो म्हणाला, "येतो मॅडम, हंगाम संपला का येतो." पार्क उघडं होतं, त्याची रोजची फेरी बुडत होती. तो गेला आणि आलाच नाही. आला तेव्हा त्याच्या बायकोनं त्याला धरून आणलं होतं. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात लटकलेला. आपण त्याला गाडीत घालून मोठ्या इस्पितळात पाठवलं.

त्या दुपारी दवाखाना रिकामा झाल्यावर मी म्हटलं, "तो हात गोळीनं वाचला असता."

तू म्हणालीस, "नसताबी वाचला. तुले काय ठाऊक?"

"ठाऊक नाही. पण आपण संधी तरी दिली असती."

तू टेबलावरून उठलीस. तुझा आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागलं. "तुझ्या घरात कोनी असतं तं तुले समजलं असतं. घरातलं मानूस आपल्यालेच ओळखत नाई, हे पाह्यलं असतं ना विजे, तं तू अशी बोलली नसती."

तुझं खरं होतं. माझ्या घरात कोणी नव्हतं. मी खोलीत गेले, दार लावलं. त्यानंतर कितीतरी दिवस आपण फक्त पेशंटबद्दल बोललो. "हिचा रिपोर्ट बघ." "त्याला ड्रेसिंग कर." तेवढंच.

तू माफी कधी मागितली नाहीस. ती तुझी रीतच नव्हती. एक दिवस मी आले तर माझ्या टेबलावर उकडलेले शिंगाडे, सोलून ठेवलेले, पांढरेशुभ्र, वाटीभर. तुला ठाऊक होतं, ती काळी टरफलं काढायचा मला कंटाळा. तू तुझ्या टेबलाशी काहीतरी लिहीत होतीस, मान वर न करता म्हणालीस, "रक्त काढनाऱ्याशी बोलली मी. हप्त्यातून दोनदा येईन तो इथंच. ज्याचं प्रेशर लय वर हाय, त्याचं रक्त काढायचं आन् छोटी गोळी त्याच दिवशी. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी पाहू. पन पंधरा दिवसांनी फोन मी करीन. तू नाई. तू इसरतेस."

मी शिंगाडा तोंडात टाकला आणि म्हटलं, "बरं."

आणि तू फोन करायचीस, कुंदा. दुपारी जेवण झालं की ओळीनं. "रक्त देल्लं काय? काऊन नाई देल्लं? रोवना चालू हाय? मंग रोवना झाला का ये. नाई आली तं मी येतो तुझ्या बांधीत." धानाची लावणी चालू असताना एकदोघींच्या बांधीत, म्हणजे शेतात, तू खरंच गेलीस, चिखलातून, साडी खोचून. माझ्या मनात तेव्हा काय यायचं ते तुला सांगायचं राहिलं. तुझी आणि माझी, दोघींची बाजू तू एकटीनंच चालवायला घेतली होतीस. मी फक्त भांडले होते.

चैतराम बरा झाला, बराचसा. बोटं अजून थरथरतात. तूच त्याला गोळी सुरू केलीस आणि महिनाभरात तो प्रेशर घेऊन पुन्हा हजर, तसंच चढलेलं. तू विचारलंस, गोळी घेतोस ना? तो खाली बघू लागला. मग त्याची बायको म्हणाली, "कशी घेईन जी? सकाळी गोळी घेतली का जंगलात गाडीतून उतरता येत नाई." चैतराम लाजून म्हणाला, "लोकं वाघ पाहून खुश होऊन राह्यले, आन् मी पाय आवळून बसलो." आपण दोघी हसून हसून लोटपोट. मग तू म्हणालीस, "अरे बाप्पा, मंग फेरी संपल्यावर घे ना! ते का मुहूर्ताची गोळी हाय?" तेव्हापासून त्याचं प्रेशर ताब्यात आहे. तू गेल्यावर तो भेटायला आला होता. दारात उभा राहिला, आत आला नाही. "मॅडमनं मले विचारलं होतं," एवढंच म्हणाला. "कोनी विचारत नाई, गोळी काऊन नाई घेत मनून."

आता तुझ्या आजाराबद्दल. त्याबद्दल मी कमीच लिहिणार आहे, तुलाही ते आवडलं नसतं. हिवाळ्यात वजन उतरलं, पाठ दुखू लागली, नागपूरला नेलं, स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला आणि पसरलेला निघाला. तू घरी परत आलीस. "इथंच राहीन मी," म्हणालीस, आणि कोणाचंही ऐकलं नाहीस. मी दवाखाना आटोपून दुपारी यायचे. तुझे यजमान, मनोहरभाऊजी, पलंगाच्या पायथ्याशी बसलेले असायचे. एवढा धानाचा व्यापार केलेला माणूस, बाजारात आवाज चालायचा, तो तुझ्या खोलीत कुजबुजायचा. तुझी मुलगी रेवा बंगळुरूहून येऊन-जाऊन होती. तुझं स्वतःचं प्रेशर गेली काही वर्षं त्याच गोळीवर होतं, छोट्या साडेबाराच्या. आजारातही तू रोज सकाळी ती घेत होतीस, कोणी हातात द्यायच्या आधी, स्वतः.

तुझं जेवण घटत घटत दोन चमचे पेजेवर आलं. मी प्रेशर मोजलं. खाली होतं. पुन्हा मोजलं. मी पट्टा सोडायच्या आधीच तू आकडा वाचला होतास.

मी म्हटलं, "कुंदा, उद्यापासून ती गोळी नको."

"काऊन?"

"प्रेशर खाली आहे. तू खात नाहीस. पाणी पोटात राहत नाही. सोडियम जाईल."

तू माझ्याकडे बघत राहिलीस. तुझा चेहरा इतका लहान झाला होता. मग तू म्हणालीस, "मंग जेवन सुरू झालं का पुन्हा सुरू करायची ना?"

तुझंच वाक्य. तुझ्या भाषणातलं. शेकडो पेशंटना सांगितलेलं. मी म्हटलं, "हो."

"आन् दोन हप्त्यांनी सोडियम पाहशील."

"बघीन."

तू हसलीस. दोघीही डॉक्टर, कुंदा. दोघींनाही ठाऊक होतं. भाऊजींना मात्र ठाऊक नव्हतं. ते उठून उभे राहिले, चेहऱ्यावर आशा आली, म्हणाले, "गोळी कमी झाली म्हनजे बरं होऊन राह्यलं ना?" तू त्यांच्याकडे बघून मान हलवलीस. हो म्हणून. मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

मला तेव्हा तुला काही विचारायचं होतं. ते वाक्य, घरात कोणी असतं तर समजलं असतं, ते तुला आठवतं का, हे विचारायचं होतं. आणि सांगायचं होतं की मला त्याचा राग नव्हता, मला त्याची भीती वाटली होती. पण तू डोळे मिटलेस, आणि पुढच्या काही दिवसांत तसं बोलणं झालंच नाही. तू एका दुपारी गेलीस. मी तिथं होते. तुझा हात भाऊजींच्या हातात होता, आणि ते योग्यच होतं.

बाहेर मांडवात बायका बसल्या होत्या. तुझ्या नात्यातल्या, भंडाऱ्याच्या, बालाघाटच्या, मला न ओळखणाऱ्या. एकीनं दुसरीला विचारलं, "या कोन?" दुसरी म्हणाली, "दवाखान्यातल्या." त्यांनी सरकून मला जागा दिली. मी बसले. रडायला मला तिथं जागा होती, पण कारण कोणाला ठाऊक नव्हतं. रेवानं मला शोधून काढलं, गळ्यात पडली, मग तिला आत बोलावलं. मी चालत घरी आले. खोलीचं कुलूप काढलं आणि आत जाऊन काही वेळ दिवा न लावता उभी राहिले.

त्यानंतर मला गरगरायला लागलं. आधी वाटलं, झोप नाही म्हणून. माझं प्रेशर तू बघायचीस, तुझा हट्ट होता की डॉक्टरनं स्वतःचं औषध स्वतः लिहू नये. तू आजारी पडल्यापासून कोणी मोजलंच नव्हतं. मी पट्टा बांधला, एका हातानं ते किती अवघड असतं बघ, आणि आकडा बघून दोन-तीन दिवस पुन्हा पुन्हा मोजत राहिले. चढलेलंच होतं. माझ्या आधीच्या गोळीनं घोटे सुजत होते, त्यामुळं ती वाढवता येण्यासारखी नव्हती. पुढं काय लिहायचं ते मला ठाऊक होतं. पण तुझा हट्ट मी पाळला. गोंदियातल्या एका तरुण फिजिशियनबाईंकडे गेले, रांगेत बसले.

बाई चांगल्या होत्या. रक्त तपासून घेतलं, सगळं ठीक. आधीची गोळी कमी केली आणि साडेबाराची ती लिहिली. पुन्हा रक्त कधी द्यायचं, कोणती दुखण्याची औषधं घ्यायची नाहीत, सगळं नीट सांगितलं, मी डॉक्टर आहे हे माहीत असूनही सांगितलं, म्हणून मला त्या अधिक आवडल्या. मग माझं वय बघून, लिहिता लिहिता, सहज विचारलं, "घरात कोण असतं?"

हा प्रश्न मी आयुष्यभर लोकांना विचारला आहे. उत्तर द्यायची वेळ कधी आली नव्हती. मी म्हटलं, "मी एकटी राहते."

त्यांचा पेन थांबला. "पहिले काही आठवडे कोणीतरी लक्ष ठेवायला हवं, मॅडम. तुम्हाला ठाऊकच आहे."

ठाऊक होतं. सोडियमचा आकडा प्रयोगशाळा सांगते, पण प्रयोगशाळेत रक्त पाठवायला हवं हे कोण सांगणार? ज्याचं डोकं गोंधळतं त्याला ते स्वतःला कळत नाही. मी अचानक कोणाची स्तुती करायला लागले तर जिला संशय यावा, अशी माझ्या घरात कोणी नाही. दवाखान्यातले पेशंट म्हणतील, बाई आज जरा चुपचाप आहेत. मी गोळ्यांची पट्टी ओट्यावर ठेवली. ती तशीच पडून राहिली. सकाळी चहा करताना मी तिच्याकडे बघायचे आणि चहा घेऊन बाहेर जायचे. एवढ्या लोकांना हिंमत देऊन गोळी सुरू करणारी मी.

शेवटी मी तुझ्या घरी गेले. तेरवीनंतर पहिल्यांदाच. पाहुणे पांगले होते, रेवा परत गेली होती. भाऊजी ओसरीत एकटे बसले होते, समोर टीव्ही चालू आणि आवाज बंद. मला बघून उठले, आतून पाणी आणायला गेले आणि ग्लास सापडेना म्हणून बराच वेळ स्वयंपाकघरात खुडबुडत राहिले. मी बाहेर थांबले. तुझ्या स्वयंपाकघरात जाऊन मी ग्लास काढून दिला असता तर त्यांना बरं वाटलं नसतं.

पाणी पिऊन झाल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. गोळी कोणती, भीती कशाची. "रोज सकाळी एक फोन कराल का?" मी विचारलं. "माझं नाव विचारा, वार विचारा, दोन मिनिटं बोला. बोलणं घसरलेलं वाटलं, मी चुकीचं काही सांगितलं, तर इकडे या आणि मला घेऊन जा. मी नाही म्हटलं तरी."

भाऊजींनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "तुमी दोघी भांडत होत्या तेव्हा मले काईच समजत नोतं. घसरलं का नाई हे मले कसं समजंल?"

"समजेल," मी म्हटलं. "तुम्ही इतकी वर्षं ऐकलंय."

दुसऱ्या दिवशी मी गोळी घेतली. चहा उकळत होता तेवढ्यात फोन वाजला. भाऊजी खाकरले, बाजारात बोलतात तसा आवाज काढला.

"नाव सांगा."

"विजया."

"आज वार कोनता?"

मी सांगितला.

"कुठं आहात?"

"घरी. मुर्रीला."

आणखी काय विचारायचं ते त्यांना सुचत नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "घरात कोन हाय?"

"कोणी नाही."

"बरोबर," ते म्हणाले. आणि मग, "इथंबी कोनी नाई."

मी फोन कानाला धरून उभी राहिले. त्यांच्याकडून भिंतीवरच्या पंख्याचा आवाज येत होता. चहा उतू जाऊन गॅस विझला, तो मी पुन्हा पेटवला. फोन मात्र दोघांनीही ठेवला नाही.

पंधरा दिवसांनी रक्त दिलं. सोडियम ठीक, पोटॅशियम ठीक, किडनी ठीक, प्रेशरही खाली येतंय. रिपोर्ट वाचल्या वाचल्या मी तुझ्या टेबलाकडे वळले होते, कुंदा, सांगायला. मग भाऊजींना फोन करून सांगितलं की सगळं नीट आहे, आता रोज फोन करायची गरज नाही. ते म्हणाले, "बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वेळेला फोन वाजला.

"नाव सांगा," भाऊजी म्हणाले.

मी सांगितलं.